तातोबा ड्रायव्हरची गावं

मिताली, तू परवा फोनवर विचारलंस, "आजी, जिथं सगळे जात नाहीत, पण जायला हवं, असं एखादं शहर सांग ना." मागून रोहन ओरडला, "पॅरिस, लंडन सोडून!" तुम्ही हा प्रश्न मला विचारता याची गंमत वाटली. पुणे, बेळगाव आणि एकदा काशी, यापलीकडे मी काही पाहिलेलं नाही. पण अशी चार शहरं मला पाठ आहेत. कुठलं पाणी गोड, संध्याकाळी लोक कुठे बसतात, पाऊस आला तर कुठून चालायचं, हे मी अजून सांगू शकते. ती मला तातोबा ड्रायव्हरनी दाखवली, सातारा-सांगली रस्त्यावर, कोळशाच्या मोटारीत बसवून.

क्रमानं सांगते. दुसरी मोठी लढाई संपून वर्ष होत आलं होतं. मी बी. ए. होऊन सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. आई-दादा साताऱ्याला. महिन्यातून एकदा, शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी सातारची मोटार धरायची आणि रविवारी परत यायची. पेट्रोल मिळत नसे, म्हणून सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. गाडीच्या मागे पिंपाएवढी भट्टी उभी असायची. चढ आला की पुरुष मंडळी उतरून चालायची. दर दहा-बारा मैलांवर दस्तगीर कंडक्टर लांब सळईनं भट्टी ढोसायचा, आणि तेवढा वेळ सगळे रस्त्याच्या कडेला उभे राहायचे.

तातोबा सोडून. त्यांना उभं राहता येत नसे. ते गाडीभोवती फिरायचे, टायरना लाथा मारायचे, जवळ वस्ती असेल तर एक चक्कर टाकून यायचे. अंगानं वाळलेले, मान लांब, वय तिशीच्या पुढे. अंगात बिल्ले काढलेला लष्करी खाकी सदरा, खाली धोतर, आणि धोतराखाली चांगले घोट्यापर्यंतचे काळे बूट. हसू यायचं, पण तसं त्यांना कुणी हसत नसे. जेवायचेही उभ्यानंच, भाकरी हातावर घेऊन, येरझाऱ्या घालत. दस्तगीर म्हणायचा, "तात्या, तुमच्या पोटात भाकरी बसते कुठं? तीबी उभीच असंल."

पाच वर्षं ते लष्करात ट्रक चालवत होते. आफ्रिका, इराक, सीरिया, शेवटी इटली. गावोगाव असे परत आलेले लोक पुष्कळ होते, आणि प्रत्येकजण कैरोचे मनोरे आणि उंटावरचा फोटो दाखवायचा. तातोबांकडे फोटो नव्हता. बायकांचं बाक ड्रायव्हरच्या पाठीशीच असे, म्हणून मी एकदा विचारलं, "तातोबा, तुम्ही कैरो पाहिलं का हो?"

"बघितलं की. तिथं आपुन गाव बघाया जातो, आन गाव आपला खिसा बघतं."

"आणि रोम?"

"एक दिस मिळाला. रोम म्हंजे जत्रा हो, बाई. जत्रंत काय गाव दिसतंय व्हय?" मग रस्त्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "तुमी अस्मारा ऐकलंय?"

मी ऐकलं नव्हतं. तशी आमची सुरुवात झाली.

अस्मारा आफ्रिकेत, समुद्रापासून वळणावळणांचा घाट चढून गेलं की थेट ढगात. "म्हाबळेश्वरावर कुणी आख्खं शहर बांधावं, तसं." रुंद रस्ते, दुतर्फा ताडाची झाडं, आणि संध्याकाळी सगळं गाव काही काम नसताना फिरायला बाहेर पडतं. बायका डोक्यावरून पांढरं स्वच्छ लुगडं घेतल्यासारखी चादर घेतात. मोसूलला उन्हाळ्यात माणसं दिवसा घराखालच्या दगडी तळघरात उतरतात आणि रात्री गच्चीवर चढतात. "घर एकच, पर सकाळी एका गावाला आन राती दुसऱ्या गावाला गेल्यागत." अलेप्पोत मैलभर लांबीचा छपराखालचा बाजार, आणि त्या गावाला साबणाचा वास. आणि फोर्ली. इटलीतलं हे फोर्ली मला शाळेच्या नकाशात कुठेच सापडलं नाही. आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, नाव चुकीचं ऐकलं असेल. पण तातोबांनी ते गाव कोळशानं मोटारीच्या पत्र्यावर काढून दाखवलं होतं. सगळ्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी कमानींचे ओटे. धो धो पाऊस लागला तरी गावभर कोरडं हिंडायचं. तिथल्या एका म्हातारीनं चिखलाच्या बुटांवरून त्यांना चांगलं फैलावर घेतलं, मग त्यांचे मोजे स्वतः चुलीपाशी वाळवले आणि फणसाच्या आठळ्यांसारखं काहीतरी भाजून मूठभर हातावर ठेवलं.

"भाषा कुठली बोललात?"

"तिनं तिची शिवी दिली, मी माझा नमस्कार केला. भागलं."

प्रत्येक शहराचं वर्णन एकाच वाक्यानं संपायचं, "घरच्या माणसाला घेऊन जावं असं गाव हाय." हे वाक्य माझ्या लक्षात राहिलं होतं, आणि पुढे त्यानंच मला अडचणीत टाकलं.

गाव ओळखायची त्यांची एक रीत होती. आधी तिथलं पाणी प्यायचं, मग न्हाव्यासमोर बसायचं. "परक्या मुलखात परक्याच्या हातात वस्तरा, आन वस्तऱ्याखाली आपली मान. मग त्यो काय बोलतो त्यात गाव कळतं." लष्करातली ही सवय त्यांनी आमच्या रस्त्यावरही चालू ठेवली. एकदा उंब्रज, एकदा कराड, एकदा कासेगाव. एका रविवारी इस्लामपूरला ते असे गायब झाले तेव्हा गाडीत एक मामलेदार आणि त्यांची पत्नी होती. भट्टी ढोसून झाली, मंडळी चढली, ड्रायव्हरचा पत्ता नाही. दस्तगीर न्हाव्याच्या दुकानाकडे तोंड करून ओरडला, "तात्या, चला की! साहेब घड्याळ बघून बघून दमले."

आतून आवाज आला, "त्यास्नी म्हणावं दमू नका. दुसरी खुर्ची रिकामी हाय."

मामलेदार तावातावानं उतरून दुकानात गेले. न्हावी सरकारी माणसाला बघून इतका घाबरला की साहेब तोंड उघडायच्या आत त्यानं त्यांना बसवून गळ्याभोवती फडकं बांधलं. अर्ध्या तासानं दोघंही गुळगुळीत गालांनी परत आले. साहेब बायकोला सांगत होते, "अगं, त्या न्हाव्याचा भाऊ ब्रह्मदेशातून पायी चालत आलाय. मी तीन वर्षं या भागात आहे, मला कुणी बोललं नाही."  तातोबांनी हॉर्न दोनदा जास्त वाजवला.

कराडचा प्रसंग मात्र एवढ्यावर निभावला नाही. त्या दिवशी गाडीत कुणीतरी म्हणालं की कराडात बघण्यासारखं काय आहे, नुसतं थांबायचं ठिकाण. तातोबांनी गाडी बाजाराकडे वळवायच्या ऐवजी सरळ नदीकडे घातली. दस्तगीर मागून ओरडतोय, "तात्या, कुठं? तात्या!" आणि हे म्हणतायत, "रोज कराडावरनं जाताय. संगम किती जणांनी बघितलाय? हात वर करा." सोळा माणसांत एक हात वर झाला, तोही कराडच्याच माणसाचा. बाकी कुणी पाहिला नव्हता. मीही नाही. बी. ए. झालेली, सातारची मुलगी, मी गंगा-यमुनेवर निबंध लिहिला होता.

दोन नद्या एकमेकींच्या समोरून येतात, भेटतात, आणि वळून एकत्र पूर्वेला निघून जातात. आम्ही सगळे उतरून बघत राहिलो. एका म्हातारीनं लुगड्यासकट डुबकी मारली आणि वर येऊन म्हणाली, "लेका, माझी यात्रा झाली." तेवढ्यात गाडी वाळूत रुतली. पुरुषांनी ढकलली, बायकांनी ढकलली, पदर खोचून मीही ढकलली. सांगलीला चार तास उशीर झाला. मालकानं तातोबांना पंधरा दिवस घरी बसवलं.

ते पंधरा दिवस त्यांना घरी काढता आले नाहीत, हे मला पुढच्या खेपेला दस्तगीरनं सांगितलं. आठव्या दिवशीच ते दुसऱ्या ड्रायव्हरच्या शेजारी, काही काम नसताना, गाडीत बसलेले होते.

त्यांचं गाव आमच्याच रस्त्यावरच्या आष्ट्यापासून कोसभर. ऊस, दोन बैल, म्हातारी आई आणि बायको हौसाबाई. गाडी आष्ट्याला यायची तेव्हा हौसाबाई भाकरीचं गाठोडं घेऊन उभ्या असायच्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तातोबा इंजिन चालू ठेवूनच खिडकीतून हात बाहेर काढायचे. त्यांचं बोलणं मी महिन्यातून एकदा ऐकायची आणि ते नेहमी एवढंच असायचं.

"बैल बरा हाय का?"

"हाय."

"आयचा खोकला?"

"हाय. आयतवारी येताय न्हवं घरी?"

"बघू."

एकदा त्या म्हणाल्या, "आवं, इंजिन तरी बंद करा. मला तुमचं तोंड दिसतंय, बोलणं ऐकू येत न्हाई."

"कोळशाची गाडी हाय. बंद पडली तर सुरू व्हायची न्हाई."

"गाडीचं व्हय? मी म्हटलं तुमचंच सांगताय." सगळी गाडी हसली. तातोबांनी गियर टाकला.

दिवाळीनंतर त्यांनी मला सांगलीच्या स्टँडवर गाठलं. हातात एक छापील अर्ज होता. इराकातल्या बसऱ्याच्या बंदरावर एका कंपनीला ड्रायव्हर हवे होते, लष्करात काम केलेले असतील तर बरं. अर्ज इंग्रजीत भरायचा होता. मी त्यांच्या गाडीतल्या ट्रंकेवर बसून सुवाच्य अक्षरात नाव, गाव, नोकरीची वर्षं भरली. मग रकाना आला, कुटुंब बरोबर आणणार का. आणणार असाल तर कंपनी खोली देत होती.

"न्हाई लिवा," तातोबा म्हणाले.

"हौसाबाईंना विचारलंत?"

"ती काय यायची न्हाई, बाई. आष्ट्याच्या पल्याड गेली न्हाई कवा. इचारून काय उपेग?"

"विचारलंत का, एवढंच विचारते आहे."

ते टाचांवर पुढे-मागे झुलत राहिले. 'घरच्या माणसाला घेऊन जावं' हे त्यांचंच वाक्य आठवून मी पेन बंद केलं. मला शिस्तीची फार हौस होती आणि रिकामा रकाना मला सहन होत नसे, पण तो मी रिकामा ठेवला. म्हटलं, "विचारून या. मग मी भरते. हो असो की नाही."

त्यानंतर दोन खेपा ते माझ्याशी बोलले नाहीत. अस्मारा नाही, फोर्ली नाही. गाडी नुसती सांगलीहून साताऱ्याला जायची आणि यायची. कोऱ्या रकान्याचा अर्ज माझ्या पेटीत पडून होता, आणि तो पाठवायची मुदत जवळ येत होती. मलाच रात्री वाटायचं, आपण कोण यांना अडवणारे? पाच वर्षं बायकोला सोडून राहिलेला माणूस पुन्हा निघाला आहे, आणि तिला ते माहीतही नाही. पण म्हणून त्याची वाट मी का अडवावी?

तिला माहीत नाही, हा माझा समज होता. एका रविवारी परतताना आष्ट्याला हौसाबाई गाठोडं न देता गाडीत चढल्या. सरळ येऊन माझ्याशेजारी बसल्या. दस्तगीर तिकीट फाडायला आला तेव्हा म्हणाल्या, "सांगली." तातोबा मान वळवून बघत राहिले.

"अगं, कुठं निघालीस?"

"मोटार कुठं निघालीया? तिकडंच." आणि मला, "बाई, त्यो बसऱ्याचा कागूद तुमीच लिवताय न्हवं? दस्तगीरभाऊनं सांगितलं."

दस्तगीर एकदम मागच्या भट्टीकडे बघायला लागला.

"हो, मीच."

"त्यात माझं काय लिवलंय?"

"अजून काही नाही. तेवढी जागा मोकळी आहे."

 गाडीतले सगळे ऐकत होते, आणि तातोबांचे कान तर मागेच वळले होते. मग हौसाबाई ड्रायव्हरच्या पाठीकडे बघून बोलायला लागल्या, माझ्याकडे न बघता. "पाच वर्सं ह्यांची पत्रं आली. मास्तर वाचून दाखवायचं. 'मी खुशाल हाय, इथं थंडी लय हाय.' आन गावाचं नाव असंल तिथं साहेब लोकांनी काळी शाई ओतल्याली. मी पत्र उन्हात धरायची. काय बी दिसायचं न्हाई. पाच वर्सं मी काळं ठिपकं संबाळलं. आन आता ही गावं मोटारीतल्या समद्यास्नी ठावं हायती. भाजीवाल्या म्हातारीनं मला इचारलं, काय गं, तुज्या दादल्याची मोसूलची गच्ची लय मोठी हाय म्हणं?"

"तू कवा इचारलंस?" तातोबा पुढून म्हणाले.

"तुमी कवा थांबला?"

गाडी एक मैलभर गेली असेल. मग हौसाबाईंनी चौकशी सुरू केली, नवीन घर बघायला गेल्यासारखी. "बसऱ्याचं पाणी कसं हाय?"

"मचूळ."

"हवा?"

"भाजून काढती. डास हायत."

"गाव?"

"चिखुल."

"मंग तुमच्या न्हाव्यानं काय सांगितलं तिथं?"

"बसऱ्यात मी हजामत केली न्हाई."

मी मनातल्या मनात आठवून पाहिलं. खरंच, इतक्या महिन्यांत तातोबांच्या तोंडून बसऱ्याबद्दल एक चांगला शब्द मी ऐकला नव्हता. हौसाबाईंच्याही ते लक्षात आलं असावं. त्या म्हणाल्या, "ज्या गावाला तुमी सवता चांगलं म्हणत न्हाई, तिथं निघालाय. म्हंजे गाव बघाया न्हाई. नुसतं निघायाचं."

 तातोबांची बोटं स्टिअरिंगवर नेहमी ताल धरायची, ती थांबली होती. अगदी हळू ते म्हणाले, "घरी बसलो की छातीत इंजिन चालू ऱ्हातंय, हौसा. मला बंद करता येत न्हाई."

एवढ्या माणसांत त्यांनी बायकोला नावानं हाक मारली होती. दस्तगीरनंसुद्धा चेष्टा केली नाही.

"बसऱ्यावरनं मोसूल किती लांब?" हौसाबाईंनी विचारलं.

"आगगाडी जाती. बगदादला बदलायची."

"तळघरात सापबिप?"

"न्हाई गं. गारवा असतो. लय गारवा."

"मंग बाई, लिवा माझं नाव. बसऱ्यात ऱ्हाऊ, मोसूल बघू. थोरल्या जावंला बोलवून आयजवळ ठेवते. न्हाई जमलं तर माझी मी परत येईन, इस्लामपूरच्या न्हाव्याचा भाऊ चालत आला तशी."

सांगली आल्यावर मी स्टँडवरच अर्ज पुरा केला. हौसाबाई माझ्या पेनाच्या टोकाकडे बघत होत्या. "ह्येच माझं नाव?" त्यांनी विचारलं, आणि शाई वाळेपर्यंत कागद कुणाला उचलू दिला नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बेळगावला मावशीकडे निघाले होते. मिरज स्टेशनवर माझी गाडी उभी होती. पलीकडच्या फलाटावर, पुण्याकडे जाणाऱ्या गाडीच्या बाजूला, लोखंडी ट्रंक, वळकटी आणि दोन गाठोडी यांच्या मधोमध, बसऱ्याला निघालेले तातोबा दिसले. मी हाक मारली. ते रूळ ओलांडून आले नाहीत, तिथूनच ओरडले, "बाई, गाडीला पंधरा मिंटं हायत, आन ही गेलीया मिरज बघाया!"

"मग जाऊ द्या की. तुम्हीच तर..."

"मिरजंत काय बघायचंय? शंभर वेळा उतरलो असंन मी हितं. फलाटाबाहीर कशाला जायाचं?" ते स्टेशनच्या दाराकडे बघत होते, घड्याळाकडे बघत होते. "म्हणाली, पयलं परकं गाव हाय, तवा हितनंच सुरू करते. सामान सोडून मलाबी जाता येईना."

ते ट्रंकेवर बसले. इतक्या दिवसांत मी त्यांना स्टिअरिंगमागे सोडून कुठे बसलेलं पाहिलं नव्हतं. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते त्या दाराकडे बघत राहिले, जसं कुणीतरी वर्षानुवर्षं आष्ट्याच्या स्टँडवर रस्त्याकडे बघत असेल.

माझी गाडी हलली तेव्हा हौसाबाई आल्या. त्यांना मुळीच घाई नव्हती. तातोबा उठून उभे राहिले, आता रागावतील असं मला वाटलं. पण हौसाबाईंनी बोलायला सुरुवातही केली होती. चाकांच्या आवाजात मला शब्द ऐकू आले नाहीत. त्या तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीतून आल्या असाव्यात, कारण त्यांनी दोन्ही हात पसरून हवेत एक भला मोठा भोपळा दाखवला, मग त्याहून मोठा, मग हात वर नेऊन ते छताला कसे टांगले आहेत ते दाखवलं. आणि तातोबा, मान लांब करून, काही न बोलता, ऐकत होते.